तिसऱ्या गोळीनंतर

रोक्सॅनने वजनकाट्याचा आकडा पुन्हा एकदा पिस्तुलाच्या चापाला अडकवला आणि हलकेच ओढला. काटा अडीच पौंडांवर आला, कोरडा टक् आवाज होऊन घोडा पडला. तिने आकडा सैल सोडला तसा चाप मुकाट आपल्या जागी परत आला. चिकटला नाही, रेंगाळलाही नाही. सकाळपासूनची ही एक्केचाळिसावी खेप होती.

"बघा," ती म्हणाली. "याहून चांगला चालायचा म्हणजे कसा?"

काउंटरच्या पलीकडे एमिल दुदाश टोपी बगलेत धरून उभा होता. एकाहत्तर वर्षांचा, वाळकुडा, दाढी मात्र रोजच्या रोज केलेली.

"मला कशाला दाखवतेस? मंगळवारी नेमबाजीच्या क्लबात या बंदुकीला दाखव, की बाई, चालायचं असं असतं."

"तिसऱ्यांदा खोललीय मी ही. काय नाही केलं?"

"केलंस की. सगळं केलंस. फक्त नीट केली नाहीस."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण या माणसाला उलटून बोलायची तिला सवय नव्हती. तेहेतीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, ती नदीकाठच्या पोलाद कारखान्याच्या टूलरूममध्ये लागली, तेव्हा तिथे एमिल मुकादम होता आणि ती एकटीच मुलगी. कानस कशी धरायची इथपासून त्याने तिला शिकवलं. कारखाना बंद पडला, लोक पांगले; तिने जुन्या बेकरीच्या जागेत बंदुका दुरुस्त करायचं हे दुकान टाकलं. हॅनलनमध्ये आणि आसपासच्या चार गावांत तिच्या हाताला नाव होतं. ते नाव मुळात कुणाचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "अगदी काय होतं?"

"किती वेळा सांगू? सावकाश झाडताना काही नाही. वीस सेकंदांत पाच गोळ्या, तेव्हाही नाही. दहा सेकंदांत पाच झाडायच्या असल्या की तिसरीनंतर चाप मागेच राहतो. पुढे येतच नाही. मेल्यासारखा."

"मी दोनशे गोळ्या झाडल्या. भराभर झाडल्या. एकदाही नाही."

"मग तुलाच देऊन टाकतो ती. तुझं आणि तिचं बरं जमतंय."

तो टोपी घालून निघाला. दारात थांबला आणि न वळता म्हणाला, "पोरी, अजून दोन सामने आहेत. बघ काहीतरी."

तो गेल्यावर तिने बंदूक पुन्हा खोलली. बावीस बोअरचं जुनं नेमबाजीचं पिस्तूल. एमिल ते सव्वीस वर्षं वापरत होता. पहिल्या खेपेला तिला वाटलं होतं, जुनं तेल थंडीत गोठून चिकट झालं असेल. म्हणून तिने सगळे भाग धुऊन कोरडे केले आणि तेलाचा नुसता हात फिरवला. दुसऱ्या खेपेला चापाची खीळ दगडावर घासून आरशासारखी केली, चाप कडेला कुठे घासतो का ते शाई लावून पाहिलं. गोळी सुटल्यावर घोड्याला पुन्हा पकडणारी एक बारीक पट्टी असते. ती भिंगाखाली धरून तिचा कोपरान्‌कोपरा तपासला. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. आता काय उरलं होतं? फेब्रुवारीची थंडी. एमिल पिस्तूल गाडीच्या डिकीत ठेवून क्लबात नेतो, हे आठवून तिने ते रिकामं करून, पिशवीत बांधून, रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. सकाळी तिचा नवरा डेल मटार काढायला गेला आणि त्याने जी आरोळी ठोकली ती शेजारच्यांनी ऐकली.

"या घरात माणसाने काय खायचं ते तरी सांगून ठेव!"

बर्फासारखं गार पिस्तूल तिने तसंच चालवून पाहिलं. लोण्यासारखं चाललं. तिला रडू यायचं बाकी होतं. बिघडलेली वस्तू तिला कधी छळत नसे. धडधाकट वस्तू बिघडली म्हणून समोर येते, तेव्हा मात्र माणसाने कुठे हात घालायचा?

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. ईस्टरपूर्व उपवासाचा पहिला शुक्रवार होता, चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण होतं. रोक्सॅन ताट घेऊन बसते न बसते तोच समोरून क्लबातला जीन पावलाक म्हणाला, "काय गं, एमिलचं झालं का नाही अजून?"

"होतंय."

"नाही म्हणजे, मंगळवारी सामना आहे, म्हणून विचारलं. तो हरला की खापर तुझ्यावर. आणि त्याच्या जागी त्या नवख्या केलीला संघात घ्या म्हणणारे तयारच बसलेत."

"तुझी बंदूक गेल्या वर्षी मी नीट केली, तेव्हा त्यात पावाचा चुरा निघाला होता जीन. ते सांगू का सगळ्यांना?"

टेबलाभोवती हशा पिकला. जीनही हसला. पण मासा तिच्या घशाखाली उतरेना. तो बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. हिवाळी सामन्यांत संघात चार जण असतात, एमिल सव्वीस वर्षं सगळ्यात शेवटी उतरायचा. आधीच्या तिघांनी घाण केली तरी एमिल निस्तरील, असा सगळ्यांचा हिशेब असे. बायको गेल्यापासून त्याला मंगळवारशिवाय दुसरा वार उरला नव्हता. ती जागा त्याच्या हातून गेली असती, आणि ती रोक्सॅनला एक चाप नीट करता आला नाही म्हणून गेली असती.

त्या रविवारी तिने ठरवलं, आता दुकानात डोकं फोडण्यात अर्थ नाही. बंदूक अडते तिथेच जाऊन बघायचं. हे आधी का सुचलं नाही, याचं कारण तिचा स्वतःचाच नियम होता. काउंटरवर आलेल्या बंदुकीला गिऱ्हाइकाने पुन्हा बोट लावायचं नाही. परत घेऊन चालवायची ती क्लबात. त्यामुळे तिने हजारो बंदुका पाहिल्या होत्या, पण त्या चालवणारे हात क्वचितच.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला ती क्लबाच्या लांबोळक्या दालनात एमिलच्या मागे, दोन हातांवर, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवून उभी राहिली. नदीपलीकडच्या गावाचा संघ आला होता. हा सामना जिंकला तरच पुढच्या मंगळवारी अंतिम सामना खेळायला मिळणार होता.

"पाळत ठेवतेस?" एमिलने विचारलं.

"बंदुकीवर."

"ठेव. चोर तीच आहे."

सावकाशीच्या दहा गोळ्या त्याने अशा लावल्या, की डॉलरच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात. वीस सेकंदांच्या फेरीतही काही घडलं नाही. मग पंच बर्नी कोवाचने दहा सेकंदांच्या फेरीची हाक दिली. बर्नी एमिलहून वर्षाने मोठा, दोन्ही कानांत यंत्रं. पण घड्याळाच्या बाबतीत पक्का. निशाण फिरून समोर आलं.

एक. दोन. तीन.

आणि मग काहीच नाही. शेजारच्या बंदुका धडाडत राहिल्या. एमिलने पिस्तूल समोर तसंच धरलं आणि डावा हात वर केला.

नेमबाजाने असा हात वर केला की पंचाने जाऊन बघायचं असतं. दोष बंदुकीचा असेल तर पंच मोठ्याने "अलिबाय" म्हणतो, आणि त्या पाचही गोळ्या पुन्हा झाडायला मिळतात. दोष माणसाचा असेल तर मिळत नाहीत. बंदूक हातात घेऊन, चाप ओढून खात्री करून घ्यावी, असा नियम आहे. पण एमिल दुदाशच्या बंदुकीची खात्री करायची, हे बर्नीला चारचौघांत शोभलं नसतं. ज्या रुळांवरून ती निशाणं पुढेमागे सरकत, ते रूळसुद्धा एमिलनेच बसवले होते.

"थांबा," रोक्सॅन म्हणाली. "कुणी हात लावू नका. एमिल, तुम्हीही हलू नका. तशीच धरा."

ती त्याच्या कोपरापाशी वाकली. तीन आठवडे ती या क्षणाच्या मागे होती. चाप खरंच मागे होता. तिने आणखी जवळून पाहिलं.

चापावर एमिलचं बोट होतं. ते दुमडलेलं होतं, नखाखाली पांढरं पडलं होतं, आणि चाप दाबून बसलं होतं. चाप बिचारा पुढे यायला बघत होता; बोट सोडत नव्हतं. एमिल बोट उघडायचा प्रयत्न करत होता, हे त्याच्या मनगटाच्या शिरांवरून दिसत होतं. बोट ऐकत नव्हतं. तो रागाने बघत होता मात्र पिस्तुलाकडे.

ती तशीच वाकून बोटाकडे बघत राहिली.

"काय गं, निघालं काही?" बर्नीने मोठ्याने विचारलं. बंदुका थांबल्या होत्या. दोन्ही संघ बघत होते, जीन पावलाक मान उंचावून बघत होता.

रोक्सॅनने सरळ होऊन कानांवरच्या टोप्या खाली ओढल्या.

"बंदुकीतच आहे," ती म्हणाली. "आता दिसलं मला. पट्टी अडकतेय आतली."

"अलिबाय!" बर्नीने पुकारलं.

एमिलने डाव्या हाताने पिस्तूल उजव्यातून सोडवून घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि हात खिशात घातला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. दोन मिनिटांनी त्याने पाच गोळ्या पुन्हा झाडल्या. या खेपेला पाचही सुटल्या, पन्नासांपैकी सत्तेचाळीस गुण मिळाले, आणि संघ चार गुणांनी जिंकला. लोकांनी त्याची पाठ थोपटली. रोक्सॅनचीही थोपटली. "शेवटी शोधून काढलंस हं," जीन म्हणाला, आणि तिला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली.

पिस्तूल ती दुकानात घेऊन आली. बुधवारचा सबंध दिवस तिने त्याला हात लावला नाही. एका शेतकऱ्याची शिकारीची बंदूक पुसत बसली, ती जरुरीपेक्षा जास्तच पुसली. गुरुवारी तिला एक युक्ती सुचली. चापाला पुढे ढकलणारी स्प्रिंग असते. ती काढून दुप्पट ताकदीची बसवली, तर चाप स्वतःच बोटाला रेटून उघडील. नियमात बसत होतं. दोष सांगावा लागणार नव्हता, दुरुस्तीही झाली असती. तिने तार घेऊन स्वतःच्या हाताने स्प्रिंग वळली. चार फुकट गेल्या, पाचवी बसली. अडीच पौंडांचा चाप साडेतीनवर गेला. हे त्याला कळणार नाही असं तिने स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच तिला ते पटलं नाही.

शनिवारी सकाळी एमिल आला. टोपी बगलेत.

"झालं?"

"झालं. चालवून बघा."

"इथे?"

"इथेच. रिकामं आहे. दोनदा बघितलंय."

एमिलने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्याने पिस्तूल उचललं, आपणही उघडून रिकामं असल्याचं पाहिलं, आणि नळी तिने भिंतीला लावलेल्या वाळूच्या पेटीकडे धरली. रोक्सॅन डाव्या बाजूने वरचा भाग मागे ओढून घोडा चढवत होती, तो चाप ओढत होता. टक्. टक्. टक्. चौथ्यांदा तिने घोडा चढवला, आणि टक् झालंच नाही.

चाप मागे होता. नवी स्प्रिंग जिवाच्या आकांताने रेटत होती. बोट तिथेच होतं.

बाहेरून एक ट्रक गेला. काच थरथरली आणि थांबली.

"किती वाढवलंस?" एमिलने विचारलं.

"एक पौंड."

"तरीच. हिचा स्वभाव बदललाय." त्याने डाव्या हाताने आपलं बोट मागे ओढलं. ते सुटताना कट् असा आवाज आला. पिस्तुलाच्या आवाजाहून बारीक, पण दोघांनी ऐकला. "कधी बघितलंस?"

"मंगळवारी."

"मी नाताळात. शर्टाची बटणं लावत होतो. बोट बटणावरून उठेना. डॉक्टर म्हणतो, छोटंसं ऑपरेशन आहे, पण त्यानंतर पहिल्यासारखं चालेलच असं नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" तिचा आवाज चढला. तीन आठवडे, फ्रीझर, जीनचे टोमणे, सगळं एकदम वर आलं. "माहीत होतं आणि मला तीनतीनदा खोलायला लावलीत? गावभर माझी अब्रू काढलीत? मी वेडी झाले होते एमिल! मला वाटलं माझे डोळे गेले!"

"ओरड," तो म्हणाला. "ओरडायलाच पाहिजे."

"का पण?"

त्याने पिस्तूल काउंटरवर ठेवलं.

"तुला काहीतरी सापडेल असं वाटत होतं. तुला नेहमी सापडतं. एखादा ओरखडा, एखादी तडा गेलेली पट्टी. एवढंसं जरी सापडलं असतं ना, तरी मी म्हटलं असतं की बोटाचं काय, बोट काय, म्हातारपणी दुखायचंच." तो काउंटरला टेकला. "मंगळवारी तू सगळ्यांदेखत बंदुकीवर ढकललंस. तोवर मी एकटा खोटं बोलत होतो. फोन दे."

"कुणाला?"

"बर्नीला. नंबर लाव. आणि आवाज मोठा ठेव, त्याला ऐकू येत नाही."

तिने नंबर लावला. तिला कळत होतं तो काय करणार. अलिबाय गेला की चार गुणांची आघाडी गेली, सामना गेला, पुढचा मंगळवार गेला. तिचं नावही गेलं. तिने फोन काउंटरवर ठेवला.

"बर्नी, मंगळवारचा माझा अलिबाय काढून टाक," एमिल म्हणाला. "पलीकडच्या लोकांना कळव, ते जिंकले."

"काय बडबडतोस? निकाल लागला तो."

"बंदुकीत काही नव्हतं. माझं बोट अडकतं."

बर्नी म्हणाला, "रोक्सॅन म्हणाली ना, पट्टी अडकते म्हणून."

एमिल तिच्याकडे बघत होता. त्याने तिला खुणावलं नाही, अडवलंही नाही. टूलरूममध्ये तिने काम आणून दाखवलं की तो असाच उभा राहायचा.

रोक्सॅन फोनवर वाकली. "खोटं बोलले मी, बर्नी. पट्टीला काही झालेलं नाही."

"ते माहीत आहे गं," बर्नी म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"बोटाचं. आंधळा नाही मी, बहिरा आहे. गेल्या मार्चपासून बघतोय. जीनलाही माहीत आहे, सगळ्यांनाच. आता एमिलला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. तो तुझ्याकडे बंदूक घेऊन जायला लागला, तेव्हा आम्ही म्हटलं, चला, ती सांगेल."

रोक्सॅनला तोंडात मारल्यासारखं झालं. चर्चच्या तळघरातला तो हशा, ते "झालं का नाही अजून", सगळं तिला पुन्हा ऐकू आलं. ते बंदुकीबद्दल विचारतच नव्हते.

एमिलचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो एका हाताने काउंटर धरून उभा होता.

"गेल्या मार्चपासून?" त्याने विचारलं.

"असेल. आता जाऊ दे ना एमिल. सव्वीस वर्षं—"

"गेल्या मार्चमध्ये आपण याच नदीपलीकडच्यांना हरवून ढाल जिंकली."

एमिल फोनवर आणखी वाकला.

"मी तेव्हा हात वर केला होता. अंतिम सामन्यात. मला तेव्हा खरंच वाटलं होतं, बंदूक आहे."

"मलाही तसंच... म्हणजे, मी बघितलं होतं, पण—"

"बघितलंस आणि अलिबाय म्हणालास."

"एमिल, तुझी बायको जाऊन महिना झाला होता रे."

फोनमध्ये बर्नीच्या घरचा टीव्ही ऐकू येत होता. कुठल्याशा हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या.

"तोही काढ," एमिल म्हणाला शेवटी. "आणि ढाल पाठवून दे पलीकडे. नको, राहू दे, मीच घेऊन जातो."

"अरे पण लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते त्यांनी आधीच म्हणून घेतलंय. मीच तेवढा ऐकायचा राहिलो होतो."

त्याने फोन बंद केला. टोपी घालायला उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. रोक्सॅनला वाटलं, काहीतरी म्हणावं, माफी मागावी किंवा पुन्हा ओरडावं. पण ती नुसतीच पाना हातात धरून उभी राहिली.

"जुनी स्प्रिंग टाकली नाहीस ना?" एमिलने विचारलं.

"नाही. आहे डबीत."

"मग लाव ती परत," तो म्हणाला, आणि काउंटरजवळचं स्टूल ओढून बसला. "तिचा काही दोष नव्हता."